उपासाचे दिवस

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, हडसन उपसागराच्या काठी, चर्चिल हे जेमतेम नऊशे वस्तीचं गाव आहे. इथवर रस्ता येत नाही. विनिपेगहून आगगाडीनं नाहीतर विमानानं यायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आपल्याकडे दिवाळीची धामधूम असते तेव्हा, इथल्या किनाऱ्यावर ध्रुवीय अस्वलं जमतात आणि त्यांच्यामागोमाग जगभरचे पर्यटक. उंच चाकांच्या गाडीतून त्यांना टुंड्रावर न्यायचं आणि समोर दिसतंय त्याचा अर्थ सांगायचा, हे माझं काम. प्राणिशास्त्र शिकले ती संशोधनासाठी. रमले मात्र या शिकवण्यात.

येणाऱ्यांच्या मनात एक चित्र आधीच पक्कं असतं: हाडं वर आलेलं, पाय ओढत चाललेलं एकटं अस्वल. २०१७ च्या डिसेंबरात तशी एक चित्रफीत जगभर पसरली. ‘नॅशनल जिऑग्राफिक’नं ती दाखवताना हवामानबदल असा दिसतो, असं म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी कबूल केलं की, त्या एका अस्वलाच्या उपासमारीचं नेमकं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. ते म्हातारं असेल, आजारी असेल, जखमी असेल. चित्रफीत काढणाऱ्यांची कळकळ खरी होती, पण तिनं आमच्या विषयाचं नुकसान केलं असं माझं ठाम मत आहे. कारण चर्चिलला आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी भला दांडगा नर दिसतो आणि तो मला विचारतो, “हा तर चांगला धष्टपुष्ट आहे, मग संकट कुठे आहे?”

संकट दिवसांच्या हिशोबात आहे. कोकणात पावसाळ्याआधी सुकी मासळी, तांदूळ, मीठमसाला भरून ठेवतात, ती आगोटीची बेगमी मराठी वाचकाला सांगायला नको. ध्रुवीय अस्वल तीच बेगमी अंगावर करतं. वसंतात समुद्रावर बर्फ असतो, सीलची पिल्लं नुकती जन्मलेली असतात. त्या काही आठवड्यांत ते चरबी खाऊन वर्षाचा मोठा साठा करतं. सील पकडायला पायाखाली बर्फ लागतो. उघड्या पाण्यात सील त्याच्या हाती लागत नाही. हडसन उपसागराचा बर्फ उन्हाळ्यात पूर्ण वितळतो. अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि पाणी पुन्हा गोठेपर्यंत अंगावरच्या चरबीवर जगतात. म्हणजे उपास इथे नवा नाही. पण १९८०च्या दशकाच्या तुलनेत तो आता तीन-चार आठवड्यांनी लांबला आहे. बर्फ लवकर फुटल्यानं बेगमीचे दिवस घटतात आणि उशिरा धरल्यानं उपासाचे वाढतात, असा दुहेरी मार आहे.

तो आधी बसतो मादीला आणि पिल्लांना. गाभण मादी बर्फावरून उतरते ती गुहेत पिल्लं होऊन, ती चालती होईपर्यंत काही खात नाही; इथे हा उपास आठ महिन्यांपर्यंत जातो. जन्मताना पिल्लू अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. मादीची चरबी कमी पडली की दूध आटतं. त्यामुळे पर्यटकाला दिसतो तो दांडगा नर, आणि जन्मूनही न जगलेलं पिल्लू दिसतच नाही. पश्चिम हडसन उपसागरात १९८७ साली सुमारे १,२०० अस्वलं होती. २०१६ मध्ये अंदाज ८४२ चा होता, २०२१ मध्ये ६१८ चा.

“मग जमिनीवरचं काही खात का नाहीत?” हा प्रश्न दर फेरीला येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. संशोधकांनी इथल्याच २० अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधून पाहिलं. अस्वलांनी बोरं खाल्ली, मेलेले पक्षी खाल्ले, शिंगंसुद्धा चघळली. काही नुसती पडून राहिली. तरी २० पैकी १९ जणांचं वजन घटलं, सरासरी दिवसाला एक किलो. २०२४ साली ही निरीक्षणं प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून उत्तर द्यायला मला फार शब्द लागत नाहीत.

सगळीकडे असंच आहे असं मात्र मी सांगत नाही. जगात अस्वलांचे वीसच्या आसपास समूह आहेत. काही स्थिर आहेत, काही वाढलेही. उत्तर कॅनडातल्या नुनावुत प्रदेशातले इनुइट शिकारी म्हणतात की, अस्वलं पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. त्यांचं म्हणणं उडवून लावणारा जाणकार मला आवडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते या प्राण्यासोबत राहिले आहेत. भुकेलं अस्वल वस्तीकडे जास्त येतं हेही खरं, आणि शिकारीवर बंधनं आल्यावर काही ठिकाणी संख्या सावरली हेही खरं. शीतयुद्ध चालू असताना, १९७३ मध्ये, अमेरिका आणि सोव्हिएत संघासह पाच देशांनी ऑस्लोत या प्राण्यासाठी करार केला होता. तेव्हाचं संकट बंदुकीचं होतं आणि ते आवरता आलं.

आताचं आवरता येईल का? ध्रुवीय अस्वलांचे अभ्यासक स्टीव्हन अ‍ॅमस्ट्रप आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की, उन्हाळी समुद्रबर्फ एका टप्प्यानंतर आपोआप कोसळतो असं नाही. तापमान जितकं चढेल तितका तो घटतो आणि तापवाढ रोखली तर टिकतो. गाडीत मी हे सांगते तेव्हा लोक सरसावून बसतात. सगळं संपलं आहे असं ऐकलेला माणूस हात झटकून मोकळा होतो, आणि अशी माणसं दर मोसमात माझ्यासमोर बसलेली असतात. म्हणून उपाशी अस्वलाचं चित्र मी दाखवत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत हा लेख एखादे शिक्षक वाचत असतील तर त्यांना माझी विनंती आहे. वर्गात फळ्यावर एक हिशोब मांडा. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला की आर्क्टिकचा सप्टेंबरातला सुमारे तीन चौरस मीटर बर्फ जातो, हे २०१६ मध्ये मोजलं गेलं आहे. भारतात माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास उत्सर्जन होतं, मी राहते त्या कॅनडात त्याच्या कितीतरी पट. मुलांना दोन्ही देशांचा बर्फ खडूनं वर्गाच्या जमिनीवर आखायला लावा.