खरजेवांचून खाज

दुखण्याला समाजांत मान आहे, खाजेला नाहीं. कोणाची पाठ दुखते असें कळतांच चार माणसें त्याच्यापुढें लोड सरकवितात. गुडघ्यावर हात टेकून उठणाऱ्या वृद्धाला तरुण मंडळी आधार देतात, आणि डोकेदुखी तर कित्येक घरांत बुद्धिमत्तेचें लक्षण मानली जाते. पण चारचौघांत हात खाजविणारा मनुष्य दिसला कीं, शेजारचा आपली खुर्ची वीतभर दूर घेतो. आपली भाषाहि या बाबतींत निःपक्षपाती नाहीं. नसतें भांडण उकरून काढणाऱ्याला आपण 'खाजवून खरूज काढणारा' म्हणतों. खाजविणारा तो खोडसाळ, असा निकाल म्हणीनें आधींच देऊन ठेवला आहे. तळहात खाजला तर द्रव्यलाभ होतो असें म्हणतात. पण माझी खाज तळहातापर्यंत कधीं पोंचलीच नाहीं.

ती उजव्या कोपराच्या आसपास, हाताच्या बाहेरच्या अंगाला येते. चैत्राचें ऊन तापूं लागलें म्हणजे तिचें आगमन होतें, आणि रात्रीं दिवे मालवल्यावर तिला विशेष उत्साह चढतो. ती कातडीवर नसते. कातडीखालीं कोठें तरी मुंग्यांनीं वारूळ केलें असावें तशी वाटते. खाजवावें तर ती शमत नाहीं, उलट चार बोटें पुढें सरकते. सकाळीं पाहावें तर हातावर ना पुरळ, ना गांधी. असतात ते केवळ माझ्याच नखांचे ओरखडे. आणि ते ओरखडे पाहूनच लोक रोगाचें निदान करीत.

निदानें पुष्कळ झालीं. एका डॉक्टरांनीं खरजेचें मलम दिलें. दुसऱ्यांनीं ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या. त्यांनीं मला झोंप आली, खाजेला आली नाहीं. घरांत कडुनिंबाचा पाला उकळला गेला, वांगें वर्ज्य झालें. हें सर्व मीं आनंदानें सोसलें असतें. पण एके दिवशीं न्हाणीघरांत माझ्या पंचासाठीं एक वेगळी खुंटी ठोकलेली दिसली. कोणी कांहीं बोललें नाहीं. आमच्या सूनबाई अतिशय मर्यादशील आहेत. मात्र माझी दोन वर्षांची नात माझ्याकडे धांवत आली कीं, नेमकी त्याच वेळीं तिची दुधाची वेळ होऊं लागली. सूनबाईंना दोष देण्याचें मला कारण दिसत नाहीं. आईनें एवढी सावधगिरी बाळगूं नये तर कोणीं बाळगावी? पण मांडी रिकामी राहिली ती राहिलीच, आणि त्या उन्हाळ्यांत हातापेक्षां तीच मला अधिक टोंचली.

शेवटीं ज्या वयस्क डॉक्टरांकडे मी गेलों, त्यांनीं हाताकडे क्षणभरच पाहिलें आणि विचारलें, "बर्फ लावून पाहिलात?" पाहिला होता, बर्फाखेरीज कशानेंहि बरें वाटत नाहीं, असें मीं सांगितलें. त्यावर ते म्हणाले, "मग आतां मान दाखवा." आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, ही म्हण मी शाळेंत तीस वर्षें शिकवीत आलों, तिचा प्रयोग माझ्या देहावर चालू असेल अशी कल्पना नव्हती.

आपल्या मानेंत सात मणके असतात. (जिराफालाहि सातच असतात, ही गोष्ट मला नेहमींच फार दिलाशाची वाटते.) त्यांच्या आसपासच्या फटींतून मज्जातंतूंच्या आठ जोड्या बाहेर पडतात, आणि त्यांपैकीं पांचव्या व सहाव्या जोडीकडे खांद्यापासून अंगठ्यापर्यंतच्या बाहेरच्या अंगाची वार्ता मेंदूला पोंचविण्याचें काम असतें. वयपरत्वें मणक्यांमधील गाद्या झिजतात, कडेला हाडांचे कोंब फुटतात, फटी अरुंद होतात आणि तंतु चेपला जातो. चेपलेला तंतु कधीं दुखतो, कधीं बधिर होतो, तर कधीं खाजेची खोटी तार धाडतो. मेंदूला बिचाऱ्याला तारेवरचा पत्ता तेवढा ठाऊक! तो हाताला दोष देतो. म्हणूनच ॲलर्जीच्या गोळ्यांचा येथें उपयोग होत नाहीं. त्या ज्या हिस्टामिनाला आवरतात, त्याचा या भांडणाशीं फारसा संबंधच नसतो.

या विकाराचें वर्णन 1968 सालीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत डॉ. वाइसमन यांनीं केलें. उन्हाळ्यांत खाजणारे कोपर पाहून त्यांनीं सूर्याला जबाबदार धरलें. पुढें 1983 सालीं दक्षिण आफ्रिकेंतील डॉ. हाइल यांनीं मानेंतील तंतूंकडे बोट दाखविलें. आज बहुतेक तज्ज्ञ दोघांनाहि थोडेंथोडें खरें मानतात: बिघाड मानेंत, आणि चिथावणी उन्हाची. बर्फानें खाज थांबणें हीच या विकाराची मोठी खूण समजली जाते. खाज म्हणजे खाजविण्याची इच्छा उत्पन्न करणारी वेदना, अशा अर्थाची व्याख्या हाफेनरेफर नांवाच्या जर्मन वैद्यानें 1660 साली केली होती. ती वाचून मला त्याच्याविषयीं आपुलकी वाटली. त्याचाहि हात खाजत असला पाहिजे.

मानेचा एम्. आर्. आय्. काढला, आणि पांचव्या-सहाव्या मणक्यांमधील फट अरुंद झालेली स्पष्ट दिसली. हातांत अशक्तपणा नसल्यामुळें शस्त्रक्रियेचें कारण नाहीं असें डॉक्टरांनीं सांगितलें. रात्रीं गॅबापेंटिनची गोळी, मानेचे व्यायाम, आणि उन्हांत जातांना पुऱ्या बाह्यांचा सदरा, एवढी व्यवस्था झाली. मिरचीच्या अर्काचें मलमहि एकदां लावून पाहिलें; त्यानें खाजेचें लक्ष दुसरीकडे वेधलें जातें खरें, पण तोच हात चुकून डोळ्याला लागला म्हणजे मनुष्याचें लक्ष कोठें वेधलें जातें हें लिहिण्यासारखें नाहीं. विकार समूळ गेला असें मी म्हणणार नाहीं. गोळीनें तो निम्म्यावर आला आहे, आणि सकाळीं डोकें थोडें जड असतें.

चित्राचा अहवाल मीं मुद्दाम जेवणाच्या टेबलावर ठेवला. सूनबाईंनीं तो दोनदां वाचला, आणि "बाबा, मग हा संसर्गाचा नाहींच तर," एवढेंच म्हणाल्या. पंचाची खुंटी अजून वेगळीच आहे; ती काढली तर भिंतीचा गिलावा पडेल. पण संध्याकाळीं मी बर्फाची पिशवी कोपरावर धरून बसलों कीं नात मांडीवर येऊन बसते, पिशवीला बोट लावून किंचाळते, आणि मग स्वतःचा कोपर पुढें करून म्हणते, "आजोबा, मला पण."