किल्ली कुणाकडे?

मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठीच्या पेपरात ‘गाळलेल्या जागा भरा’ हाच काय तो आधार! त्यामुळे मराठी विभागात लेख देतेय म्हटल्यावर रूममेटने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. पण ही गोष्ट इंग्रजीत सांगणं शक्यच नाही. तिच्यातलं मुख्य पात्र म्हणजे आमच्या आक्का, आणि आक्का इंग्रजीत मावत नाहीत.

तर झालं असं. शुक्रवार पेठेत, पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात माझ्या आजोबांचं घर होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर नदी ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३ फूट!), तेव्हा घरात माझ्या खांद्याएवढं पाणी होतं. आजी आमच्याकडे पुण्याला आली ती परत गेलीच नाही. ती गेल्यावर घर विकायचं ठरलं. मी इथे मेकॅनिकलला, हॉस्टेलवर. म्हणजे ‘कोल्हापुरात आपलं माणूस’ कोण, तर मी.

किल्ली मात्र समोरच्या आक्कांकडे. पूर आल्यापासून त्यांच्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला लटकलेली. घर बघायला गिऱ्हाईक आलं की एजंट आक्कांकडून किल्ली घ्यायचा आणि जाताना परत द्यायचा. कधी एजंट स्वतः यायचा, कधी त्याचा पोरगा, कधी एजंटाच्या ओळखीचा दुसराच एजंट. एकदोनदा तर ‘उद्या देतो की’ म्हणून किल्ली रात्रभर बाहेरच राहिली.

जूनमध्ये मी सहज चक्कर मारली तर मोरीतला बंब गायब! तांब्याचा, आजीच्या लग्नातला. मी आक्कांच्या सोप्यात बसूनच बाबांना फोन लावला आणि वेड्यासारखा स्पीकरवर ठेवला. बाबा म्हणाले, “किल्ली कुणाकुणाकडे गेली होती? आक्कांना जरा नीट विचार.”

आक्का आत चहा टाकत होत्या. बाहेर आल्या, खिळ्यावरची किल्ली काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. “हे घे. येईल त्याला मी किल्ली देतो, जाताना परत घेतो. मधल्या येळंत आत काय हुतंय ते मला कसं कळायचं?” (आमच्या कोल्हापूरकडच्या बायका ‘देतो-घेतो’ म्हणतात, प्रूफ तपासणाऱ्या सरांनी कृपया दुरुस्त करू नये.) चहा दिला, पण बोलल्या नाहीत. इतका गरम चहा मी इतक्या लवकर कधीच प्यायले नव्हते.

त्या दिवशी हॉस्टेलवर येताना एकच विचार होता. बंब ज्याने नेला तो मजेत होता. संशय मात्र जिने पाच वर्षं फुकट राखण केली तिच्यावर आला. कारण काय, तर किल्लीचा हिशोबच नव्हता.

अमेरिकेतल्या काकांनी उपाय सुचवला. तिकडे विकायच्या घराच्या दाराला एक छोटी मजबूत पेटी अडकवतात, किल्ली आत. एजंट पेटी उघडून किल्ली घेतो, काम झालं की पुन्हा आत ठेवतो. इलेक्ट्रॉनिक पेटीत तर कुणी किती वाजता उघडली त्याची नोंदही राहते. ब्रिटनमध्ये एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या दाराशीही अशा पेट्या असतात, मदतनीस बाईंना आत येता यावं म्हणून. काका म्हणाले, “तू इंजिनिअर ना? तूच निवड.” तिसऱ्या वर्षाच्या पोरीला कुणी इंजिनिअर म्हटलं की ती काहीही करायला तयार होते!

पहिली पेटी आली ती भिंतीवर बसवायची, दहा बटणांची. चार बटणं दाबली की उघडते. मला वाटलं, चार आकडे म्हणजे १०,००० शक्यता. पण या पेटीत बटणांचा क्रम चालतच नाही. प्रत्येक बटण आतली एक पट्टी सरकवतं, आणि खटक्याला फक्त कुठल्या पट्ट्या सरकल्या एवढंच कळतं. १-२-३-४ दाबा नाहीतर ४-३-२-१, सारखंच! शिवाय एक आकडा दोनदा वापरता येत नाही. म्हणजे दहातून चार निवडायचे, फक्त २१० प्रकार. एका प्रयत्नाला पाच सेकंद धरले तर साडेसतरा मिनिटांत सगळे संपतात. बारावीला ‘परम्युटेशन-कॉम्बिनेशनचा आयुष्यात काय उपयोग’ म्हणून कुरकुर केली होती, ती मागे घेते. पाच आकड्यांचा कोड ठेवला तरी २५२ च. कोड किती आकडी आहे हेच चोराला माहीत नसेल तर त्याला जास्तीत जास्त १०२३ प्रकार करून बघावे लागतील, इतकाच दिलासा.

गणिताने ती नापास झाली असतीच, पण त्याआधी भिंतीने केली. ड्रिल लावलं तर पांढऱ्या मातीची धार लागली आणि रावळप्लग भोकात गोल गोल फिरायला लागला. पेटी कितीही भक्कम घ्या, पुरात भिजलेली जुनी भिंत तिला धरणार कशी? तिथेच वर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ होती. ती रंगवून टाका असं एका एजंटाने सुचवलं होतं. बाबा नाही म्हणाले. घेणाऱ्याला दिसू दे.

दुसरी पेटी कुलपासारखी कडी असलेली, चार चाकांची. इथे क्रम चालतो, म्हणजे खरोखर १०,००० शक्यता. तीन सेकंदांचा एक प्रयत्न धरला तरी आठ तास वीस मिनिटं. पण स्वस्तातली होती. मेसमध्ये भाताची वाट बघत बसलो असताना रूममेटने कडी ताणून धरली, चाकं बोटाने चाचपली आणि भात यायच्या आत पेटी उघडून दाखवली! तिला फार आनंद झाला, मला नाही.

आमचे वर्कशॉपचे सर म्हणतात, कुलूप म्हणजे विकत घेतलेला वेळ. लंडनमध्ये ब्रामा कंपनीचं एक कुलूप दुकानाच्या खिडकीत ठेवलेलं होतं, उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी बक्षीस. अनेक दशकं कुणाला जमलं नाही. १८५१ मध्ये हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने ते उघडलं, सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपून. शुक्रवार पेठेत ५१ तास कुणी पेटीशी झटत बसला तर आक्का त्याला दोनदा जेवायला घालतील आणि तिसऱ्यांदा पोलिसांत देतील.

म्हणून तिसरी पेटी घेताना मी दुकानातच कडी ताणून एकेक चाक फिरवून बघितलं. कुठलंच अडखळलं नाही. जाड पोलादी कडी, पावसासाठी रबरी झाकण. रस्त्यावरून दिसू नये म्हणून ती परड्याकडच्या खिडकीच्या गजाला अडकवली. आत फक्त पुढच्या दाराची किल्ली. माजघराला वेगळं कुलूप लावलं, त्याची किल्ली माझ्या हॉस्टेलच्या कपाटात.

तरी एक प्रश्न उरलाच. पेटीला आकडा कळतो, माणूस कळत नाही. एका एजंटाला कोड सांगितला की संध्याकाळपर्यंत तो दहा जणांच्या मोबाईलवर. नोंद ठेवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी आमच्या बजेटबाहेरची. म्हणजे प्रत्येक भेटीनंतर कोड बदलायचा. पण कुणी? मी तर सबमिशनच्या काळात आंघोळीलाही वेळ काढू शकत नाही.

आक्का गेली कित्येक वर्षं गल्लीची भिशी चालवतात. हिशोबाची वही आणि आकड्यांची आठवण यांत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. पण त्यांना विचारायचं कुठल्या तोंडाने? मी बाबांना सांगितलं, फोनवर जमणार नाही, इथे या. बाबा रविवारी पुण्याहून आले, सोप्यात बसले आणि म्हणाले, “आक्का, चुकलं माझं.” आक्का बराच वेळ पदराचं टोक बघत होत्या. मग म्हणाल्या, “चा घेणार न्हवं?”

दुसऱ्या दिवसापासून नवी वही. तारीख, नाव, आत किती वाजता, भाईर किती वाजता. आठवड्याभरात त्यांनी मला फोन करून सुनावलं, “तुझी माणसं शिकल्याली हैत का न्हाईत? पेटी बंद केली की शेवटचं एकच चाक फिरवत्यात. मागला आकडा लावला की उघडली!” हे माझ्या कुठल्याच गणितात नव्हतं. तेव्हापासून त्या स्वतः जाऊन चारही चाकं फिरवतात. कोड मलाही सांगत नाहीत. पाहिजे तर फोन कर म्हणतात. वहीत माझंही नाव आहे, ‘११.१० आत, ११.४० भाईर’.

बंब काही सापडला नाही. घर विकलं गेलं. खरेदीखत झालं त्या दिवशी मी पेटी काढून आणायला गेले. आक्कांनी नाव लिहिलं, वेळ लिहिली, आणि मी निघताना म्हणाल्या, “पिशवी दाव.” मी दाखवली. आत पेटीच होती. त्यांनी ती हातात घेतली, चारही चाकं एकदा फिरवली आणि मग वहीत ‘भाईर’ लिहिलं.