आत्याची सापगावची वाट

सापगाव पाहायला म्हणून मुद्दाम कोणी जात नाही. आसनगावला गाडीतून उतरणाऱ्या शहरी माणसाची नजर माहुलीच्या सुळक्यांवर असते. शहापुराहून मुरबाडच्या रस्त्याला लागून भातसेकाठच्या या गावात उतरायचे, तर तिथे आपले माणूस असावे लागते. माझी आत्या तिथे आहे. गेल्या दिवाळीनंतर तिला पोचवायला गेलो आणि माणसे शहरात कशी वावरतात, या प्रश्नाचे उत्तर घेऊन परतलो. शहराचे उत्तर खेड्यातून आणणे जरा चमत्कारिक खरे. पण झाले ते असे.

आत्याने या वयात एकटीने राहू नये, म्हणून आम्ही तिला डोंबिवलीला आणले होते. अगदी कायमची. दिवाळीच्या पहिल्या सकाळी तिला फडके रोडवर नेले. गणपतीच्या देवळापाशी नटूनथटून जमलेली तरुण मंडळी पाहून ती हरखली. एरवी ज्या रस्त्याने माणसे गाडी पकडायला धावतात, त्याच रस्त्यावर त्या सकाळी कोणालाही कुठेही पोचायचे नव्हते!

भाऊबीज झाली, आणि चार दिवसांनी आत्या कोथिंबीर आणायला म्हणून गेली ती दोन तास परतलीच नाही. सापडली ती आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, पिशवी छातीशी धरून उभी. कोपऱ्यावरच्या जुन्या कौलारू चाळीपाशी वळायचे, एवढेच तिला ठाऊक. ती चाळ आदल्याच दिवशी पाडली होती आणि तिथे निळे पत्रे उभे राहिले होते. आम्ही काळजीपोटी तिचे बाहेर जाणेच बंद केले. ती काही बोलली नाही. पण खिडकीशी बसून राहू लागली आणि तिचे जेवण निम्म्यावर आले.

त्या दिवसांत मी थोडी पुस्तके चाळली. केव्हिन लिंच नावाच्या अमेरिकन पंडिताने बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथल्या रहिवाशांकडून त्यांच्या शहराची चित्रे काढून घेतली आणि 1960 साली त्यावर पुस्तक लिहिले. माणसाच्या मनातले शहर वाटा, कडा, वस्त्या, नाके आणि खुणा या पाचांवर उभे असते, असे त्याचे म्हणणे. म्हणजे आत्याचे डोके ठिकाणावर होते. जागची हलली होती ती खूण!

पॅरिसचे समाजशास्त्रज्ञ शोंबार द लोव यांनी तर 1952 साली एका विद्यार्थिनीच्या वर्षभराच्या हिंडण्याचा नकाशाच छापला. एवढे मोठे पॅरिस, पण तिची ये-जा घर, विद्यालय आणि पियानोचे शिक्षक या त्रिकोणातच. मी हसलो आणि माझा नकाशा काढायला बसलो. घर, स्टेशन, कचेरी. तीस वर्षांत त्रिकोणसुद्धा नाही. नुसती एक सरळ रेघ!

अखेर आत्याच म्हणाली, "मला सापगावला सोड रे."

एसटीतून उतरून मी डांबरी रस्ता धरला. आत्या भाताच्या कापलेल्या खाचरांमधून बांधाने निघाली. "इकडून ये, जवळ पडतं." ती पायवाट कोणा इंजिनियरने आखलेली नव्हती, पायांनीच पाडली होती. शहरातही बागेतल्या हिरवळीवरून अशा वाटा पडतात. नगररचनाकार त्यांना 'इच्छेच्या वाटा' म्हणतात. एका हाकेला ओ देत, एका झाडाखाली टेकत आत्या चालली होती. डोंबिवलीत जिना उतरताना माझा हात धरणारी हीच का ती बाई, असे वाटावे!

नदी दिसली तेव्हा मी शहाणपणाने सांगितले, "आत्या, हे धरणाचं पाणी मुंबईला जातं. पिसे इथे उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात."

"जाईना का," ती म्हणाली, "पण पिशापर्यंत आपल्याच वाटेनं जातं ना?"

मी गप्प झालो. मिशेल द सेर्तो या फ्रेंच लेखकाने न्यूयॉर्कच्या एकशे दहाव्या मजल्यावरून शहर पाहिले, आणि वरून दिसते ते शहर वेगळे, खाली चालणारे घडवतात ते वेगळे, असे 1980 साली लिहून ठेवले. आम्हीही आत्याचा निर्णय असाच वरून केला होता. तिच्यासोबत चार पावले चालून पाहिले नव्हते.

आता ती सापगावलाच आहे. शेजारची सून दोन वेळा डोकावते आणि एक शनिवार आड मी जातो. निरोप घेताना आत्या म्हणाली होती, "दिवाळीला येईन. पण आधी दोन दिवस मला हिंडव. चाळ नाही, तर दुसरं काही धरू."

परवाच ती आली. कोपऱ्यावरचा फुलवाला, गिरणीचा आवाज आणि कुणाच्या तरी गॅलरीतली तुळस अशा तीन खुणा तिने पहिल्याच संध्याकाळी पक्क्या केल्या. ती तुळस मी तीस वर्षांत पाहिली नव्हती.