अकरा नोंदी



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय म्हटला तर तांत्रिक आहे, पण त्यात माझी फजिती आणि एक कबुलीजबाबही आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

खोर फक्कानला येऊन मला सहा वर्षं झाली. ज्यांनी हे गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: कारभार शारजाचा, पण गाव पूर्व किनाऱ्यावर, ओमानच्या आखाताकडे तोंड करून बसलेलं. पाठीशी हजर पर्वत, पुढ्यात समुद्र आणि बंदर. 2019 मध्ये डोंगरातून बोगदे काढून शारजाचा नवा रस्ता झाला, तेव्हापासून सुट्टीला गर्दी असते, एरवी शांत. मी मूळचा चिपळूणचा. डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये राहायची सवय आहेच, फक्त इथला डोंगर उघडाबोडका.

धाकटा भाऊ चिपळूणलाच असतो. मी बी.ई. करून बाहेर पडलो, त्याने आयटीआय करून बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान सांभाळलं. बाबा 2017 साली गेले. आमचा एक नेम आहे. शुक्रवारी रात्री दोघांनी मिळून 'फोर्झा होरायझन 5' खेळायचं. माझ्याकडे पीसी, त्याच्याकडे पुतण्यासाठी नेलेला एक्सबॉक्स. बोलायला टीम्स, कानाला हेडफोन. गाड्या मेक्सिकोच्या रस्त्यावर धावतात आणि गप्पा चिपळूणच्या बाजारपेठेतल्या. लहानपणी सायबर कॅफेत पैसे साठवून 'रोड रॅश' खेळायचो, त्याचीच ही पुढची आवृत्ती म्हणा :-)

मार्चच्या शेवटी पीसी बंद पडायला लागला.

निळा स्क्रीन नाही, एरर नाही. खेळता खेळता टचकन अंधार, पंखा घुर्रर्र, आणि पुन्हा पहिल्यापासून चालू. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी तीच नोंद: कर्नल-पॉवर 41, बगचेक कोड शून्य. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो, ही नोंद म्हणजे विंडोज सकाळी उठून म्हणतं, 'काल रात्री मी नीट झोपलो नव्हतो, का ते मला माहीत नाही.' यापलीकडे ती काही सांगत नाही.

मग काय, इंजिनियर जागा झाला. ग्राफिक्सचे ड्रायव्हर मुळापासून काढून नवे टाकले. कॅबिनेट उघडून धूळ काढली (आपल्याकडची वाळू, वर समुद्राची दमट हवा, आत पिठल्यासारखा थर होता). प्रोसेसरची पेस्ट बदलली. तापमानाचा लॉग ठेवला. सगळं ऐंशीच्या आत. रॅमला रात्रभर मेमटेस्ट लावली, एकही चूक नाही. रॅमचा वेग कमी करून पाहिला. 2024 मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचा घोळ झाला होता, जास्तीच्या व्होल्टेजमुळे ते कालांतराने अस्थिर व्हायचे; तेही वाचून घाबरून घेतलं. माझा प्रोसेसर त्याच्याही आधीचा, त्यामुळे ती शंका मिटली. ग्राफिक्सवर जोर टाकणारी टेस्ट दुपारी तासभर चालवली तर पठ्ठ्या ढिम्म हलला नाही. शुक्रवारी रात्री मात्र धाडकन आडवा.

आमची ही म्हणाली, "त्याला तरी सुट्टी द्या एक शुक्रवार."

इथपर्यंत गंमत होती. मे महिन्यात एकदा पीसी परत चालू करून टीम्सवर आलो तर भाऊ गप्प. मग म्हणाला, "दादा, एक विचारू? घराचा विषय निघाला की तुझा पीसी बरोबर कसा रे बंद पडतो?"

आता घराचा विषय सांगायला हवा. आमचं घर बाजारपेठेजवळ आहे. 22 जुलै 2021 च्या पुराची बातमी तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी आमच्या खालच्या मजल्यात छातीवर होतं. भावाने आईला माडीवर नेलं. मी इथे फोन लावत बसलो होतो आणि दीड दिवस फोन लागला नाही. 2005 सालीही पाणी भरलं होतं, पण तेव्हा बाबा होते. तेव्हापासून भावाचं म्हणणं एकच: हे घर विकू, वरच्या अंगाला जागा घेऊ. त्याला माझी सही लागते. मी दर वेळी 'बघू, दिवाळीला आलो की बोलू' म्हणतो. चार दिवाळ्या झाल्या.

मला राग आला. मी त्याला म्हटलं, "अरे, माझ्याकडे लॉग आहे, तारीख-वेळेसकट." आणि त्याला दाखवायला म्हणून सगळ्या नोंदी पहिल्यांदाच एका एक्सेलमध्ये उतरवल्या. तोपर्यंत अकरा झाल्या होत्या. बघतो तर अकरापैकी नऊ रात्री साडेनऊ ते पावणेदहाच्या मधल्या. भावाचं बरोबर होतं! घराचा विषय त्याच वेळी निघायचा. भारतात तेव्हा अकरा-सव्वाअकरा वाजतात, आई झोपते, आणि आईसमोर न बोलायच्या गोष्टी तो तेव्हा काढतो.

मी ती शीट त्याला पाठवली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्याचा दुकानातला आवाज आला. "दादा, साडेनऊला तुझ्या घरात काय चालू होतं?"

"काही नाही. मुलगी झोपते."

"मग तिच्या खोलीतला एसी?"

मंडळी, मी काही बोललोच नाही. हॉलचा एसी संध्याकाळपासून चालू असतो, बेडरूमचा जुना विंडो एसी मात्र मुलगी झोपायला गेली की लागतो. मार्चच्या शेवटापासून. इतके दिवस मी फक्त कॅबिनेटच्या आत बघत होतो.

"लाईट डोलते का एसी लागताना?"

"नाही रे."

"एलईडी असेल. ती डोलणार नाही. पिवळा बल्ब लाव."

पिवळा बल्ब आणायचा कुठून? देवघरात आईने दिलेला झीरोचा दिवा होता, जुना, तारेचा. तो पीसीच्या एक्स्टेंशनवर लावला, हिला एसी चालू करायला सांगितलं आणि फोनवर व्हिडिओ घेतला. कॉम्प्रेसर सुरू झाला आणि दिवा क्षणभर मिणमिणला.

भावाने समजावलं ते असं. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. वायरिंग जुनं असलं की त्या लाइनवरचं व्होल्टेज क्षणभर पडतं. पीसीच्या एसएमपीएसमध्ये कपॅसिटर असतात. घराच्या टाकीसारखे, नळ क्षणभर गेला तरी टाकीतलं पाणी पुरतं. नवा एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण 17 मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे 50 हर्ट्झच्या एका फेऱ्यापेक्षाही कमी. माझा सात वर्षांचा, इथल्या उन्हाळ्यात भाजून निघालेला. टाकी आटलेली. मेल वाचताना पाणी थोडं लागतं, म्हणून चालून जातं. गेम खेळताना सगळे नळ उघडे, आणि नेमका तेव्हाच पुरवठा जातो. दुपारच्या टेस्टला काही झालं नाही, कारण दुपारी तो एसी बंदच होता.

पण इंजिनियरचा स्वभाव, पुरावा पाहिजे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी पीसी स्वयंपाकघराच्या लाइनवर नेला: दोन आठवडे रोज रात्री खेळलो, एकदाही बंद नाही. परत जुन्या सॉकेटवर आणला: तिसऱ्या रात्री आडवा. मग बर दुबईहून नवा एसएमपीएस आणून त्याच सॉकेटवर लावला. आज सात आठवडे झाले, ठणठणीत. बिल्डिंगच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटही उघडून घेतलं. आतला स्क्रू ढिला होता, तो आवळला. एसएमपीएस बदलायच्या आधी हे केलं असतं तर कदाचित पैसे वाचले असते. असो.

आता कबुलीजबाब. अकरामधल्या नऊ नोंदी साडेनऊच्या. एक दुपारची, सुट्टीच्या दिवशी मुलगी आजारी असताना एसी लावला होता तेव्हाची. उरली एक, 16 मेची, रात्री सव्वादहाची. त्या वेळी एसी लागून पाऊण तास झाला होता. भाऊ म्हणत होता, "तू वर्षातून पंधरा दिवस येतोस दादा. पाणी चढतं तेव्हा आईला माडीवर मी नेतो." मला उत्तर सुचलं नाही. मी हात खाली घालून सॉकेटचं बटण बंद केलं.

लॉगमध्ये तीही तशीच दिसते. कर्नल-पॉवर 41, बगचेक शून्य. वीज एसीने तोडली की मी, विंडोजला फरक कळत नाही.

नवा एसएमपीएस लावल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी भावाला सांगितलं, "दहा एसीचे. एक माझा." तो म्हणाला, "माहितेय. शीट पाठवलीस तेव्हाच कळलं. बाकीचे सगळे एसीच्या वेळेला आहेत, तो एकच वेगळा." एवढे आठवडे तो त्यावर चकार शब्द बोलला नव्हता. उलट माझा पीसी दुरुस्त करत बसला होता.

परवा दुबईला जाऊन भारतीय वकिलातीच्या मुखत्यारपत्राची चौकशी करून आलो. कागद तयार होताहेत. आईला अजून सांगायचं आहे आणि ते मीच सांगायचं असं ठरलंय, टीम्सवर नाही, समोर बसून. घर जाणार म्हणून वाईट वाटतंच.

कोणाचा पीसी असाच अचानक बंद पडत असेल तर पार्ट बदलण्याआधी आठवडाभर वेळा लिहून काढा, त्या वेळी घरात आणखी काय चालू होतं तेही लिहा, आणि एक तारेचा पिवळा बल्ब जवळ ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक खोर फक्कानकर (मु. पो. चिपळूण)