डॅन्यूबकाठची संथ सायकलवाट

जर्मनीतील पासाऊ या गावी इन आणि इल्झ या दोन नद्या डॅन्यूबला मिळतात. तेथून ऑस्ट्रियातील व्हिएन्नापर्यंत नदीकाठाने सुमारे ३०० किलोमीटरची सायकलवाट जाते. घरातील साठी ओलांडलेले कुणी 'आम्ही मित्रमंडळी सायकलने जाऊ, तंबूत राहू' असे म्हणाले, तर 'या वयात?' हा उद्गार आपल्या तोंडून निघणे स्वाभाविक आहे. मात्र नकार देण्यापूर्वी ही वाट समजून घ्यावी.

पूर्वी प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नौका घोडे काठावरून दोराने ओढीत. त्या घोडेवाटेच्याच बऱ्याच भागावर आज सायकली धावतात. म्हणून चढ फारसे नाहीत. व्हिएन्नाकडे जाताना प्रवाहाची सोबत असते आणि वाराही बहुधा पाठीवर असतो. श्लोगेनपाशी नदी डोंगराला अडून जवळजवळ उलट फिरते. तेथे लहान नावा सायकलींसह पलीकडे नेतात. मेल्कच्या भव्य मठापासून क्रेम्सपर्यंतचे वाखाऊ खोरे द्राक्षमळ्यांचे आणि जर्दाळूच्या बागांचे. युनेस्कोने २००० मध्ये त्याला जागतिक वारसा मानले. सारी वाट झेपणार नसेल, तर एवढाच सुमारे ३५ किलोमीटरचा टप्पा दोन दिवसांत करावा. थकलेल्यांसाठी आगगाडी आणि बोट आहेच.

समूहाने जाण्याचा खरा लाभ सोबतीचा. पण वेग सर्वांत संथ सोबत्याचा असावा. बोलताना धाप लागत असेल, तर वेग अधिक आहे असे समजावे. पेडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकीच बैठक उंच ठेवावी. छातीत दाब किंवा भोवळ जाणवताच थांबून मदत मागावी. युरोपात आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, हे प्रत्येक वळणावर स्मरावे.

परीक्षा असते ती तंबूतील रात्रीची. जमिनीवरून उठणे जड जाते, अंधारात दोऱ्यांत पाय अडकतो, पहाटे गारठा वाढतो. म्हणून घडीची खाट, हाताशी विजेरी आणि प्रसाधनगृहाजवळची जागा हवी. इन्सुलिन विमानात हातातल्या पिशवीत ठेवावे, तंबूत उन्हापासून जपावे. दिवसभराच्या श्रमानंतर साखर रात्रीही उतरू शकते. उशाशी साखर असावी. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पाण्याचे आणि मात्रेचे प्रमाण निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी ठरवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असता डोक्याला किरकोळ मार लागला, तरी रुग्णालय गाठावे. ऑस्ट्रियातील गवतात गोचिडी असतात; त्यांच्यामुळे मेंदूज्वर होऊ शकतो. त्यावरील लसीविषयी काही महिने आधीच विचारावे आणि रोज संध्याकाळी अंग तपासावे.

काळजी घेणाऱ्यांनो, आपली भीती खोटी नाही. पण वडीलधाऱ्यांना जपणे म्हणजे त्यांना केवळ घरात बसवणे नव्हे. तीन महिने आधीपासून रोज थोडी सायकल, हृदयाची तपासणी, अंगणात वा गच्चीवर तंबूतील एक रात्र आणि सोबत्यांजवळ औषधांची यादी, एवढे झाले तर 'या वयात?' या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांसह त्यांनाच देऊ द्यावे. डॅन्यूबचे किलोमीटर मुखापासून मोजतात: पासाऊपाशी २,२०० हून अधिक, व्हिएन्नात सुमारे १,९३०. प्रवासी पुढे जातो तसा आकडा उतरत जातो. उतरत्या आकड्यांच्या वाटेवरही पुढेच जाता येते.