बाईंच्या फळ्यावरची बातमी

आटपाडी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत रोज सकाळी परिपाठ आटोपला की फळ्यावर 'आजची बातमी' लिहिली जाते. ही बातमी वर्तमानपत्रातली नसते. वर्तमानपत्र वस्तीवर येतच नाही. आलेच तर दुपारी, दुधाच्या गाडीतून, आणि त्यात बहुधा काहीतरी गुंडाळलेले असते. बातमी सांगायची ती मुलांनी. आदल्या दिवशी घरात, रानात, वाटेवर जे घडले ते एकाने उभे राहून सांगायचे आणि बाईंनी ते जसेच्या तसे फळ्यावर उतरवायचे. मग तोच त्या दिवसाचा वाचनपाठ.

शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. दोन खोल्या, पुढे एक कडुनिंब आणि त्याच्या पाराला टेकून उभी असलेली पाण्याची टाकी. २०२५ च्या जूनमध्ये तिचा पट तेरा होता. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळायला हवेत. ह्या शाळेतले दुसरे गुरुजी मे महिन्यात बदलून गेले होते आणि त्यांच्या जागी कोणी येणार की नाही, आणि पट असाच घसरत गेला तर शाळा तरी राहणार की नाही, हे बाईंना कोणी सांगितलेले नव्हते. चारही वर्ग त्या एकट्या सांभाळत होत्या.

ह्या बाई एकेकाळी आमच्या विद्यार्थिनी. आम्ही दोघेही तिथून तासाभराच्या अंतरावरच्या महाविद्यालयात मराठी शिकवतो. नोकरी सांभाळून बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून त्या एम.ए.ला बसल्या, तेव्हा रविवारी शंका विचारायला घरी येत. आम्ही त्यांना 'बनगरवाडी' शिकवली. त्यांनी ती आमच्यापेक्षा बारकाईने वाचलेली होती, हे तेव्हाच आमच्या लक्षात यायला हवे होते. माडगूळकरांचे माडगुळे ह्याच तालुक्यातले. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्या कादंबरीतला तरुण मास्तर औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर जातो तो अशाच एकशिक्षकी शाळेत. आम्ही वर्षानुवर्षे तिच्यातल्या निवेदनाबद्दल, व्यक्तिचित्रणाबद्दल, दुष्काळाच्या चित्रणाबद्दल बोलत आलो. मास्तर वर्गात नेमके काय शिकवत असेल, मुलांच्या तोंडची भाषा ऐकून तो पाटीवर काय लिहून देत असेल, हा प्रश्न आम्ही कधी उपस्थित केला नाही. बाईंनी एकदा केला होता. 'परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे नाही' असे उत्तर आम्ही दिल्याचे त्या अजून हसत हसत सांगतात.

शाळा १६ जूनला उघडली. गोष्टींची पुस्तके घेऊन आम्ही गेलो ते २१ जूनच्या शनिवारी. सकाळची शाळा होती आणि योगदिनही होता. तेरांपैकी अकरा मुले ओळीने बसून श्वास रोखत होती, एक हसत होते आणि बाई मोबाइलवर छायाचित्र काढीत होत्या, कारण ते वर पाठवायचे होते. वस्तीवर एकाच ठिकाणी, टाकीवर चढले की, 'रेंज' येते. बाई टाकीवर चढल्या. असो.

मग बातमी. उभा राहिला तो दुसरीतला एक मुलगा. त्याचे घर मेंढपाळाचे. पावसाळा सरला की कळप घेऊन पश्चिमेकडे उतरायचे, तिकडच्या बागायतदारांच्या शेतांत खतासाठी मेंढरे बसवायची आणि मृगाच्या सुमारास परतायचे, हे त्या घराचे वर्ष. शाळेचे वर्ष आणि त्या घराचे वर्ष ह्यांची गाठ पडते ती अशी जूनमध्ये आणि सुटते ती दिवाळीनंतर. मुलगा म्हणाला, "आमची मेंढरं वाळव्याकडनं आल्याती. वाटंत येक कोकरू मेलं. आज्जीनं त्येला वड्याच्या कडंला पुरलं."

बाईंनी हे असेच लिहिले. 'आल्याती' असेच. मुलगा फळ्यापाशी गेला आणि शब्दाखाली बोट सरकवीत त्याने ते वाचले. त्याला अक्षरे सगळी येत नव्हती हे उघड होते. पण काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक होते आणि जे ठाऊक आहे ते फळ्यावर कुठे आहे हे तो शोधत होता. 'मेंढरं' त्याला लगेच सापडले. 'कोकरू'वर तो थोडा थांबला.

आणि आम्ही ते पुसले. डस्टर एकाच्या हातात होते, मत दोघांचे होते. तेव्हा कोणी पुसले ह्या तपशिलात शिरत नाही. आम्ही 'आल्याती'च्या जागी 'आली आहेत' केले, 'येक'चे 'एक' केले, 'वड्याच्या कडंला'चे 'ओढ्याच्या काठी' केले आणि मुलाला म्हणालो, "आता वाच बघू, किती छान दिसतंय." वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्याने हाताला एक सवय लागते. ती सवय म्हणजे भाषाप्रेम, असाही समज होऊन बसतो.

मुलाने फळ्याकडे पाहिले, मग बाईंकडे, आणि तो जागेवर जाऊन बसला. बाई काहीच बोलल्या नाहीत. त्या आमच्या विद्यार्थिनी होत्या ना!

मधल्या सुट्टीत त्यांनी आम्हांला चहा दिला आणि एका कपाटातून तीन वह्या काढून दिल्या. बातम्यांच्या वह्या. चौथीतली मुले रोजची बातमी तारीख घालून त्यांत उतरवून ठेवतात. तीन वर्षांचा ऐवज होता. कोणाच्या म्हशीला रेडी झाली, टेंभूचे पाणी कोणत्या दिवशी तळ्यात आले, डाळिंबावर तेल्या पडला म्हणून कोणाच्या वडिलांनी बाग काढली, कोणाची बहीण लग्न होऊन कुठे गेली. एका पानावर एवढेच होते: 'आज बातमी न्हाई. पाऊस बी न्हाई.' आम्ही दोघे ग्रामीण साहित्यावर चर्चासत्रांत निबंध वाचलेली माणसे. ही वाक्ये कोणा लेखकाची म्हणून समोर आली असती तर त्यांच्या अल्पाक्षरत्वावर आम्ही परिच्छेद लिहिले असते.

वह्यांच्या मागच्या पानांवर बाईंची दुसरी मांडणी होती. पान मधोमध दुमडून दोन रकाने केलेले, डावीकडे 'बोलायचं' आणि उजवीकडे 'लिहायचं'. डावीकडे 'आल्याती', उजवीकडे 'आली आहेत'. हे काम दिवाळीनंतर, तिसरी-चौथीसाठी. "ते यायलाच पाहिजे, सर. उद्या ती तुमच्याकडेच येणार आहेत," बाई म्हणाल्या. "पण आधी त्याला कळू दे की आपण बोलतो ते लिहिता येतं. नाहीतर त्याला वाटतं, लिहिणं म्हणजे दुसऱ्याचंच काहीतरी असतं."

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी भाषेच्या अध्यापकांना सुचायला हवी होती. पाठ्यपुस्तके साधारणतः सोप्याकडून अवघडाकडे जातात: आधी बिनकान्याचे शब्द, मग काना-मात्रा, जोडाक्षरे शेवटी. 'आल्याती'त 'ल्या' हे जोडाक्षर आहे. क्रमाने जायचे तर दुसरीच्या त्या मुलाला ते एवढ्यात भेटायचे नव्हते. पण ह्या वस्तीवरचे प्रत्येक मूल 'ल्या' ओळखते, कारण कोणी ना कोणी रोज कुठूनतरी 'आल्याती' असतात. शब्द आपला असला की त्याचे अवघडपण त्याला अडवीत नाही. फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन ह्यांनी मुलांना वाचते करण्याचे जे काम केले, तेही वर्णमालेच्या क्रमाला न जुमानता मुलाला लवकरात लवकर शब्द बनवता येतील अशा अक्षरांपासून सुरुवात करणारे होते. ह्या बाईंनी त्याआधी पीएच.डी. केली होती ती फलटणच्या बोलीतल्या वैविध्यावर. अमेरिकेतून आलेल्या अभ्यासिकेने फलटणच्या बाजारपेठेतले बोलणे कान देऊन ऐकले, नोंदवले. आम्ही त्याच मुलखाच्या शेजारी जन्मून तेच बोलणे उत्तरपत्रिकांतून लाल शाईने खोडत राहिलो.

परतीच्या वाटेवर आमच्यात वाद झाला. एकाचे म्हणणे असे की, बोलीचे कौतुक करणे आपल्याला परवडते, कारण प्रमाणभाषा आपल्या खिशात आहे. त्या मुलाला स्पर्धापरीक्षेत 'आल्याती' लिहून चालणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की, तो परीक्षेपर्यंत पोहोचेल की नाही हेच आज त्या फळ्यापाशी ठरत होते. वाद मिटला नाही. दोन्ही बाजू खऱ्या असल्यामुळे तो आमच्यात अजूनही अधूनमधून उठतो.

२८ जूनला आम्ही पुन्हा गेलो. मुलगा शाळेत होता, पण बातमी सांगायला उठला नाही. आठवडाभर उठला नाही, असे बाईंनी हळूच सांगितले. त्या दिवशीची बातमी एका मुलीची होती. ती तिसरीत नव्यानेच दाखल झालेली. तिचे वडील गलाई कामगार. आटपाडी, खानापूर ह्या भागांतली माणसे जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या ह्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. ही मुलगी कोइमतूरला वाढली. आईचे आजारपण निघाले म्हणून आजीकडे आली. ती मराठी बोले, पण मधूनच तमिळ शब्द येई आणि तो परका आहे हे तिला कळत नसे. ती म्हणाली, "काल आडु घरात शिरलं."

वर्ग चकित. आड म्हणजे विहीर. विहीर घरात कशी शिरेल? बऱ्याच विचारपुशीनंतर उलगडा झाला की तमिळमध्ये 'आडु' म्हणजे शेळी. बाईंनी फळ्यावर 'आडु' लिहिले. खाली कंसात काही लिहिले नाही. "हे कोणाच्या घरात चालतं?" एवढेच विचारले. आमचा मेंढपाळाचा मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा हसला, हे आम्ही दोघांनीही पाहिले.

तो पंधरवडा महाराष्ट्रात भाषेच्या प्रश्नाने तापलेला होता. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा १६ एप्रिलचा शासननिर्णय, मग १७ जूनचा सुधारित निर्णय, आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतल्याची घोषणा, पुढे डॉ. नरेंद्र जाधव ह्यांची समिती. आम्हीही निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या होत्या आणि त्या सह्यांबद्दल आम्हांला आजही पश्चात्ताप नाही. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषा एकदम लादू नयेत, असे आमचे मत आहे. पण ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी 'अभिजात' झाल्याचा आनंद महाविद्यालयात पेढे वाटून साजरा करणारे आम्ही, ५ जुलैला वरळीच्या विजयी मेळाव्याची दृश्ये पाहत होतो तेव्हा मनात येत होते ते त्या मुलीचे 'आडु' आणि त्या मुलाचे 'आल्याती'. मराठीवर अन्याय कोणकोण करतो ह्याची यादी आम्हांला पाठ होती. तिच्यात आमचे नाव आम्ही कधी घातले नव्हते.

आणि एक सांगायचे राहिले. जूनमध्ये पट पंधरा व्हायचा तो तेरा झाला, कारण एका घरातली दोन भावंडे तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी शाळेत गेली. पिवळी गाडी वस्तीच्या फाट्यापर्यंत येते. बाई त्या घरी दोनदा जाऊन आल्या. मुलांच्या आईने विचारले, "बाई, तुमचे ते कॉलेजचे सर-मॅडम येतात, त्यांची पोरं कुठल्या शाळंत हायती?" बाईंना ठाऊक होते. आमची मुलगी पहिलीपासून इंग्रजी माध्यमात आहे. घरात पुस्तके आहेत, मराठी आपोआप येईल, अशी आमची त्या वेळची समजूत. ती निम्मी खरी ठरली. बाई म्हणाल्या, "मी काहीच बोलले नाही. तुमचं नाव सांगून काय उपयोग?" हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, म्हणून ते अधिक लागले. तेरांतली दोन मुले अशी आणखी गेली तर उरलेल्यांना रोज किती चालावे लागेल, ह्याचा हिशेब कडुनिंबाखाली बसून आम्ही केला. पक्क्या रस्त्याने साडेतीन किलोमीटर, ओढ्यातून दोन. ओढ्याला पाणी असते तेव्हा शाळा बंद.

५ जुलैला निम्मी मुले आज्या-आजोबांबरोबर पंढरपूरला गेलेली; दुसऱ्या दिवशी आषाढी होती. मेंढपाळाचा मुलगा होता, पण गप्पच. आम्ही त्याच्याशी बोलायचा प्रयत्न केला. आमचे ते गोड बोलणे ऐकून तो आणखी आक्रसला. बाईंनी खूण केली, तेव्हा नाद सोडला.

१२ जुलैला बातमीची वेळ झाली आणि तो आपण होऊन उठला. बाईंनी खडू आमच्यापुढे धरला. "आज तुम्ही लिहा," म्हणाल्या. त्यांनी हे योजले होते की त्यांना त्या क्षणी सुचले, आम्ही विचारले नाही.

तो म्हणाला, "काल रातच्याला मेंढीला दोन कोकरं झाल्याती. येकाचं नाव आडु ठिवलंय."

लिहिताना हात अडखळला, हे कबूल केले पाहिजे. 'रात्री' येऊ पाहत होते. ते आवरून 'रातच्याला' लिहिले, 'झाल्याती' लिहिले, 'ठिवलंय' लिहिले. मुलगा फळ्यापाशी आला. बोट ठेवून एकेक शब्द वाचत गेला. मधेच थांबला, मागे गेला, पुन्हा वाचले आणि आमच्याकडे न बघता बाईंना म्हणाला,

"बाई, ह्यांनी 'एक' लिवलंय. मी 'येक' म्हनलो हुतो."

आम्ही डस्टर शोधू लागलो. त्याने तोवर तळव्याने पुसले होते.