दुसरा इलेक्ट्रॉन

परवा माळा आवरताना एम.एस्सी.च्या प्रोजेक्टची वही सापडली. शेवटच्या पानावर माझंच अक्षर: "एन्झाइम खराब झालं. टाकून दिलं." सरांनी विचारलं होतं, साठवताना काही चूक केलीस का? मी हो म्हटलं होतं. चूक कुठली ते मात्र सांगता आलं नव्हतं.

ते होतं गॅलॅक्टोज ऑक्सिडेज, फ्युजेरियम बुरशीकडून मिळणारं. गॅलॅक्टोजच्या सहाव्या कार्बनवरच्या अल्कोहोलचं ते अल्डिहाइड करतं आणि ऑक्सिजनचं हायड्रोजन पेरॉक्साइड. ग्लुकोजला मात्र हात लावत नाही. दोन्ही साखरांत फरक केवढा, तर चौथ्या कार्बनवरचा एक ओएच इकडचा तिकडे. बाईसाहेबांचा सोवळेपणा मला तेव्हाही आवडायचा!

कोडं असं की या कामात साखरेकडून दोन इलेक्ट्रॉन काढावे लागतात. तांब्याचा अणू तर एकच, आणि तो घेणार एक इलेक्ट्रॉन. मग दुसरा कोण घेतो? तांबं अधिक तीनपर्यंत चढत असावं, असंही काहींना वाटलं होतं. १९९१ मध्ये लीड्सच्या गटाने स्फटिकावरून रचना मांडली. मधला भाग म्हणजे सात पात्यांचं भिरभिरं, आणि तिथेच तांबं. त्या तांब्याला धरून बसलेलं २७२ क्रमांकाचं टायरोसिन शेजारच्या २२८ क्रमांकाच्या सिस्टीनला गंधकाने चक्क जोडलेलं! ही गाठ मारायला दुसरं एन्झाइम लागत नाही. तांबं आणि ऑक्सिजन मिळाले की ती आपली आपण बसते. हेच टायरोसिन रॅडिकल होऊन राहतं आणि दुसरा इलेक्ट्रॉन घेतं.

पण बाहेरून कुठूनतरी एखादा इलेक्ट्रॉन आला की ते रॅडिकल विझतं. तांबं जागेवर, गाठ शाबूत, काम मात्र बंद. हिरवा रंग जाऊन निळसर होतो. थोडं फेरिसायनाइड घातलं की पुन्हा हिरवं, पुन्हा कामाला तयार.

वहीचं आधीचं पान उलटलं. ऑक्सिजन इलेक्ट्रोडचे आकडे रोज उतरत गेलेले, आणि समासात पेन्सिलीने लिहिलेलं: "आटवलेला नमुना आज निळसर दिसतोय."

माझं एन्झाइम खरंच मेलं होतं की नुसतं विझलं होतं, हे आता कळायची सोय नाही. ते तर बेसिनमध्ये गेलं. फेरिसायनाइडची बाटली त्याच खोलीत, खिडकीजवळच्या कपाटात होती. लेबल अजून आठवतंय.